सगळंच सेंद्रिय परवडत नाही, मग जास्तीचे पैसे नेमके कशावर घालावेत?

पेठेतला_भोपळा

घरात चार माणसं, त्यात एक दोन वर्षांची मुलगी. सध्या भाजी-फळांवर आठवड्याला साधारण ९०० रुपये जातात, १२०० पर्यंत जायची तयारी आहे. सगळंच सेंद्रिय घेतलं तर आकडा १७०० च्या घरात जातो, तेवढं जमणार नाही.

पुण्यात आमच्या भागातले या आठवड्याचे भाव असे (आधी साधा, मग सेंद्रिय): भेंडी किलो ८० / १४०, फुलकोबीचा गड्डा ४० / ७०, ढोबळी मिरची किलो १०० / २००, टोमॅटो किलो ४० / ८०, मेथीची जुडी २० / ४०, लाल भोपळा किलो ४० / ८०, केळी डझन ६० / ९०, द्राक्षं किलो १२० / २२०.

विचारायचं हे, की कोणत्या गोष्टी सेंद्रिय घेतल्याने खरंच फरक पडतो? मीठ-हळदीच्या पाण्यात धुऊन साध्या भाजीचं काम भागतं का? आणि विकणारा 'सेंद्रिय' म्हणतो तेव्हा ते पडताळायचं कसं?

---

बांधावरून

पिकागणिक विचार करा. फवारा किती वेळा बसतो त्यापेक्षा शेवटचा फवारा आणि तोडणी यांत किती दिवस गेले, हे बघायचं असतं. प्रत्येक औषधाच्या पत्रकावर पीकवार हा प्रतीक्षा कालावधी छापलेला असतो.

भेंडी घ्या. पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने तोडा सुरू होतो आणि मग दिवसाआड तोडावीच लागते. दोन दिवस उशीर झाला की भेंडी जून होते, देठाकडून मोडत नाही, व्यापारी हात लावत नाही. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टिन बेन्झोएट मारलं तर भेंडीत प्रतीक्षा ५ दिवसांची. म्हणजे फवारल्यावर दोन तोडे फेकून द्यायला हवेत. भाव ८० रुपये असताना दोन तोडे उकिरड्यावर टाकायला मोठी छाती लागते. वांग्याचं आणखी अवघड. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीवर क्लोरँट्रानिलिप्रोल चालतं, पण वांग्यात त्याची प्रतीक्षा २२ दिवसांची आणि वांग्याचा तोडा येतो चार-पाच दिवसांनी. तेच औषध टोमॅटोत ३ दिवसांचं आहे. दुकानदार दोघांनाही एकच बाटली देतो आणि पत्रक खोक्यातच राहतं.

तेव्हा ज्या पिकात एकीकडे अळी चालू आणि दुसरीकडे तोडाही चालू, तिथे धोका जास्त. भेंडी, वांगी, हिरवी आणि ढोबळी मिरची, टोमॅटो, घेवडा, गवार ही सगळी त्यातली. फुलकोबी आणि कोबी एकदाच निघतात, पण गड्डा घट्ट असतो. पाकोळीची अळी आत शिरू नये म्हणून गड्डा भरताना फवारणी वाढते आणि औषध पानापानांत, तुऱ्यांच्या बेचक्यांत बसतं. मेथी-कोथिंबीर महिनाभरात निघते, त्यामुळे फवारा कधीही मारला तरी काढणी जवळच असते. वर पानाचा पसारा मोठा आणि साल काढायची सोय नाही.

याउलट लाल भोपळा, सुरण, रताळी, अळकुड्या, मुळा, बीट, नारळ, फणस, केळी. यांचं खायचं ते जमिनीत असतं किंवा जाड सालीआड. कांद्यावर फुलकिड्यांसाठी भरपूर फवारे बसतात, पण ते पातीवर. कांदा आपण सुकवून, वरचे पापुद्रे काढून खातो. पातीचा कांदा मात्र यात धरू नका.

आणि पावसाळ्यात रानभाज्या घ्याव्यात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली. यांना कुणी पेरत नाही की फवारत नाही. फक्त करटोली आता काही जण शेतात लावतात, आणि टाकळा-कुर्डू रस्त्याकडेचा किंवा फवारलेल्या बांधावरचा नको. शेवळं घेतलीत तर सोबत काकडं (आंबट रानफळं) मागून घ्या, नाहीतर घसा धरेल.

---

खिडकीतली_तुळस

सोपी खूण सांगते. भोकं पडलेली, अळी असलेली भाजी घ्यायची. किडा खातो म्हणजे विष नाही.

---

मोजमाप

@खिडकीतली_तुळस, ही खूण फसवी आहे. भोक पडतं तेव्हा अळी असते, आणि अळी दिसली की शेतकरी फवारतो. भोक तसंच राहतं, औषध त्यावर बसतं. भोक असलेल्या वांग्यावर फवारा जास्त बसलेला असण्याचीच शक्यता आहे. जिवंत अळी सापडली तर 'अलीकडे त्या अळीला मारणारं औषध बसलेलं नसावं' एवढाच अर्थ निघतो. बुरशीनाशकाबद्दल तर त्यातून काहीच कळत नाही, कारण अळीला त्याने सहसा फरक पडत नाही. रंग, वास, चव, आकार यांवरूनही अवशेष ओळखता येत नाहीत.

आता धुण्याचं. औषधं ढोबळमानाने दोन प्रकारची. स्पर्शजन्य औषधं सालीवर, पानावर बसून राहतात: मॅन्कोझेब, सायपरमेथ्रिन, क्लोरपायरीफॉस. आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसातून फिरतात: इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम. धुण्याने पहिली बरीच कमी होतात. दुसऱ्यांपैकी जे आत गेलं ते गेलं, मग मीठ घाला, हळद घाला की व्हिनेगर.

२०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर एक प्रयोग झाला. थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक आणि फॉसमेट हे कीटकनाशक लावलेली सफरचंदं लिटरला १० ग्रॅम खायचा सोडा घातलेल्या पाण्यात ठेवली. थायाबेंडाझोल १२ मिनिटांत ८० टक्के आणि फॉसमेट १५ मिनिटांत ९६ टक्के निघालं. उरलेलं थायाबेंडाझोल सालीत ८० मायक्रॉनपर्यंत मुरलेलं होतं, ते सोड्याच्या हाती लागलं नाही. प्रयोग गुळगुळीत सालीच्या एका फळावर आणि दोनच औषधांवर झालेला आहे, मेथीच्या जुडीला तो जसाच्या तसा लावू नका.

घरी करायचं ते असं:

सफरचंद, टोमॅटो, काकडी, ढोबळी, वांगी: एक लिटर पाण्यात चहाचे सपाट दोन चमचे खायचा सोडा, १२ ते १५ मिनिटं, मग नळाखाली हाताने चोळून. ढोबळीचा देठाकडचा खड्डा बोटाने घासा, द्रावण तिथेच साचून वाळतं.

भेंडी: अख्खी धुवायची, पुसायची, मगच चिरायची. उलटं केलंत तर बुळबुळीत होते आणि पाणीही आत जातं.

फुलकोबी: आधी तुरे सुटे करायचे, मग धुवायचे. अख्खा गड्डा नळाखाली धरून काही होत नाही. मिठाच्या पाण्यात (लिटरला एक मोठा चमचा, १० मिनिटं, तुरे उलटे) अळ्या बाहेर येतात. मिठाचं काम तेवढंच.

पालेभाजी: निवडून मोठ्या पातेल्यात तीन पाणी. प्रत्येक वेळी भाजी हाताने वर उचलून काढा, पाणी भाजीसकट चाळणीत ओतू नका. खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. सोडा नको, पानं मलूल होतात.

आणि धुऊन फ्रीजमध्ये ठेवू नका. ओली पालेभाजी दुसऱ्या दिवशी कुजायला लागते. लागेल तेव्हाच धुवा.

---

कागद_दाखवा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण घोळ तिथेच जास्त आहे.

भारतात प्रमाणीकरणाच्या दोन वाटा आहेत. एक एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. ही २००१ पासून आहे, वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत अपेडा (शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) ती चालवते. त्रयस्थ संस्था येऊन शेत, नोंदवह्या, खरेदीच्या पावत्या तपासते. दुसरी पीजीएस-इंडिया, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी घेण्याची पद्धत, कृषी मंत्रालयाची. यात गावातल्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. दोन्ही कायद्याने मान्य आहेत. पॅकबंद मालावर यांपैकी एक चिन्ह आणि सोबत एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं 'जैविक भारत' चिन्ह हवं. २०१७ चे नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहेत.

सुट्या भाजीवर चिन्ह नसतं. लहान शेतकरी (वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत) स्वतः थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण मग 'जैविक भारत' चिन्ह त्याला लावता येत नाही. म्हणून प्रमाणपत्र नाही म्हणजे लबाडच, असं धरू नका. मात्र दहा गावांचा माल गोळा करून विकणाऱ्या दुकानाला ही सवलत सांगता येणार नाही.

दुकानात 'स्कोप सर्टिफिकेट' (कुणाला, कोणत्या पिकांसाठी सेंद्रिय मान्यता आहे ते सांगणारा कागद) मागा आणि तीन गोष्टी वाचा. पहिली मुदत, कारण ते वर्षभराचंच असतं. दुसरी नाव: ज्याचा माल विकताय त्याच शेतकऱ्याचं किंवा गटाचं आहे का? तिसरी, आणि इथेच बहुतेक जण सापडतात: पिकांची यादी. कागदावर तांदूळ, हळद, तूर असतं आणि टोपलीत ढोबळी मिरची. एनपीओपीचं गटाचं प्रमाणपत्र असेल तर २५ ते ५०० शेतकरी त्यात असू शकतात, तेव्हा सदस्यांच्या यादीत नाव आहे का तेही विचारा.

'रूपांतरणाखाली' किंवा 'पीजीएस-ग्रीन' लिहिलेलं असेल तर रसायनं बंद केलीत पण मुदत भरलेली नाही. एनपीओपीत हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं लागतात, फळबागेला पहिल्या सेंद्रिय काढणीआधी तीन. हा माल वाईट नाही, फक्त त्याला पूर्ण सेंद्रियचा भाव देऊ नका.

आता शब्दांचे खेळ. 'कार्बाइडमुक्त' आंबा म्हणजे फक्त पिकवताना कॅल्शियम कार्बाइड वापरलं नाही, जे तसंही कायद्याने बंदच आहे. बागेत काय फवारलं याचा त्यात उल्लेख नाही. 'हायड्रोपोनिक' सेंद्रिय नसतं, मुळांना मिळतात ते खतांचे क्षारच. 'नैसर्गिक', 'विषमुक्त', 'गावरान' यांना कागदाचा आधार लागत नाही. 'रेसिड्यू फ्री' हा वेगळा आणि प्रामाणिक असेल तर चांगला प्रकार आहे: रसायनं वापरतात, पण प्रतीक्षा पाळून माल तपासून विकतात. त्याचा अहवाल मागा, त्या तोड्याच्या तारखेचा.

आणखी एक सोपी परीक्षा हंगामाची. 'सासवडच्या शेतातला' सेंद्रिय मटार ऑगस्टमध्ये असू शकतो. एप्रिल-मेमध्ये तीच पाटी दिसली तर मटार डोंगरातून, हिमाचलकडून आलेला असणार. मग पाटीवरच्या बाकीच्या शब्दांवर तरी का विश्वास ठेवायचा?

---

बांधावरून

वरच्यात एक भर. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असं नव्हे. निंबोळी अर्क, दशपर्णी (दहा झाडपाल्यांचा अर्क), बोर्डो मिश्रण, गंधक, ट्रायकोडर्मा आणि बिव्हेरिया या उपयोगी बुरशी, हे सगळं चालतं. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, तेही धुऊनच खायचं.

दुसरं शेणाचं. जीवामृत म्हणजे २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तितकंच बेसन आणि मूठभर बांधावरची माती, सावलीत दोन-तीन दिवस आंबवलेलं. जमिनीला उत्तम. पण काढणीच्या तोंडावर कोथिंबिरीच्या पानांवर शिंपडलं तर शेणातले जंतू थेट कोशिंबिरीत येतात. सेंद्रिय कोथिंबीर, पुदिना, गाजर, मुळा कच्चे खाणार असाल तर साध्यापेक्षा जास्त काळजीने धुवा. बाळाला पालेभाजी शिजवूनच द्या.

तिसरं, प्रामाणिक शेतकऱ्याच्या मालातही अवशेष सापडू शकतात. शेजारच्या रानातला फवारा वाऱ्याने येतो. 'जैविक' नावाने विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत रासायनिक औषध मिसळलेलं असतं आणि शेतकऱ्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून नियमातही सेंद्रिय मालाला शून्याची अट नाही. साध्या मालाच्या कमाल मर्यादेच्या ५ टक्के किंवा प्रयोगशाळेला मोजता येईल ती पातळी, यांतलं जे जास्त असेल तिथवर चालतं.

---

हिशेबनीस

तुमच्याच भावांवर हिशेब मांडतो. जास्तीचे किती जातात ते बघा:

भेंडी अर्धा किलो, ३० रुपये. फुलकोबी एक गड्डा, ३०. ढोबळी पाव किलो, २५. टोमॅटो एक किलो, ४०. मेथी दोन जुड्या, ४०. झाले १६५. द्राक्षांच्या दिवसांत अर्धा किलो द्राक्षं, आणखी ५०. एकूण २१५. तुमचे ९०० धरून १११५, म्हणजे ८५ रुपये हातात राहतात.

लाल भोपळा आणि केळी साधीच घ्या. भोपळ्यावर किलोला ४० जास्त देऊन मिळतं काय, तर जी साल तुम्ही सोलून टाकणार ती स्वच्छ. त्याच ४० रुपयांत अर्ध्या किलोहून जास्त भेंडी साध्याची सेंद्रिय होते. पैसा तिथे योग्य जागी लागतो.

घरपोच टोपलीच्या योजनांना भुलताना एक भागाकार करा. ६०० रुपयांत ५ किलो म्हणजे किलोला १२० वाटतात. त्यात तीन आठवडे सलग दुधी आणि न ओळखलेली एखादी पालेभाजी येते. दीड किलो वाया गेलं तर तोच भाव १७१ वर जातो. निवड करू देणारी टोपली असेल तरच घ्या.

आणि उरलेल्या ८५ रुपयांत फळ वाढवा. सेंद्रियच्या नादात घरातली एकूण भाजी कमी झाली तर व्यवहार तोट्याचा.

---

पेठेतला_भोपळा

सगळ्यांचे आभार, यादी फ्रीजवर चिकटवली. एकच राहिलं, द्राक्षं. मुलगी सालीसकट खाते. वर पांढरी भुकटी असते ती औषधाची का? आणि गाडीवाला 'एक्स्पोर्टचा माल' म्हणून १६० ने देतो, तो सेंद्रियऐवजी चालेल का?

---

मोजमाप

पांढरी भुकटी बहुतेक वेळा द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं. ती सगळ्या मण्यावर सारखी पसरलेली असते आणि बोट फिरवलं की तिथे चकचकीत पट्टा उमटतो. औषधाचा डाग वेगळा दिसतो. थेंब घरंगळून मण्याच्या खालच्या टोकाला वाळतो, तिथे कडा असलेला गोल ठिपका राहतो. असे ठिपके घडभर दिसले तर घेऊ नका. ठिपके नसले म्हणजे औषध नाही, असं मात्र नाही.

निर्यातीच्या मालाचं म्हणाल तर त्या बागांची नोंदणी असते आणि काढणीआधी बागेतून नमुना घेऊन अवशेष तपासतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा या कामाची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. हा पहारा चांगला आहे, पण तो बोटीवर चढणाऱ्या मालासाठी. गाडीवरचा माल त्याच बागेतला उरलेला असेल, नापास झालेला असेल किंवा त्या बागेशी त्याचा काहीच संबंध नसेल. बागेचा नोंदणी क्रमांक आणि अहवाल दाखवला तरच 'एक्स्पोर्ट' या शब्दाला ४० रुपये जास्त द्या.

अहवाल हातात आला तर नुसतं 'आढळले नाही' वाचून थांबू नका. किती औषधांसाठी तपासलं आणि मोजण्याची खालची पातळी किती, हे बघा. किलोला ०.०१ मिलिग्रॅम असेल तर ठीक. मॅन्कोझेब गटातली औषधं नेहमीच्या एकत्र चाचणीत येत नाहीत, त्यांची वेगळी चाचणी लागते, आणि द्राक्षावर डावणी या रोगासाठी हीच भरपूर वापरली जातात. क्लोरमेक्वाटचंही तसंच. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती याच्यामुळे. वाढ रोखायला छाटणीनंतर मारलेलं ते संजीवक वेलीत मुरून पुढे मण्यांत उतरलं होतं. धुण्याने ते निघालं नसतं.

स्वतः चाचणी करून घ्यायची तर एका घराला परवडत नाही, एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात. पण सोसायटीतली चाळीस घरं एकाच शेतकऱ्याकडून घेत असतील तर वर्गणी काढून हंगामात दोनदा, न सांगता, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. दोन किलो माल, न धुतलेला, कोऱ्या पिशवीत, त्याच दिवशी पोचवायचा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका.

द्राक्षं धुताना घड अख्खा बुडवू नका, मधल्या मण्यांपर्यंत पाणी पोचत नाही. कात्रीने आठ-दहा मण्यांचे झुबके करा. मणी देठातून उपटू नका, भोकातून पाणी आत जातं. सोड्याच्या पाण्यात १२ मिनिटं, मग वाहत्या पाण्याखाली, मग फडक्यावर पसरून कोरडी करा. आणि दोन वर्षांच्या मुलीला मणी उभा चिरून, चार भाग करूनच द्या. अख्खा मणी घशात अडकतो, सेंद्रिय असला तरी.